अर्धी केलेली गोळी

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देते.

"आम्ही २०१९ मध्ये नाशिकहून इथे आलो. घरी मी, यजमान, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि गेल्या वर्षी कायमच्या व्हिसावर आलेल्या सासूबाई आहेत. त्यांचे वय ७१ आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे आमच्या जीपींकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे, बल्क बिलिंग होते, सरकारी आरोग्य योजनेचे मेडिकेअर कार्ड दाखवायचे आणि पैसे न देता निघायचे. मग एक दिवस काउंटरवर ७० डॉलर मागितले, आता ९२ मागतात. त्यातले ४४ च्या आसपास परत येतात, बाकीचे आपल्या खिशातून. मुलांचे पैसे घेत नाहीत, पण यजमानांना मधुमेह आहे आणि सासूबाईंना रक्तदाब, त्यामुळे जाणे टळत नाही. सासूबाईंकडे सवलतीचे कार्ड नाही, म्हणून त्यांचेही पूर्ण पैसे पडतात. गेल्या महिन्यात मला दिसले की त्या रक्तदाबाची गोळी भाजी चिरायच्या सुरीने अर्धी करून घेतात. विचारले तर म्हणाल्या, नाशिकहून आणलेल्या गोळ्या दिवाळीपर्यंत पुरवायच्या आहेत, तेव्हा कोणीतरी येणारच आहे. उगाच माझ्यापायी पैसे कशाला घालवता. मला रडू आले. यजमान म्हणतात खासगी विमा घेऊ, म्हणजे हा प्रश्न मिटेल. मैत्रीण म्हणते डॉक्टर बदला. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याशी पैशांचे बोलायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे होते. काय करावे?"

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या सुरीपाशी थांबले. मी डॉक्टर नाही. मेलबर्नमधल्या एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर अकरा वर्षे काम केले, तेवढाच माझा अधिकार आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींना महिना-दोन महिने लागले तरी चालतील, सासूबाईंच्या गोळीला मात्र याच आठवड्यात हात घाला. रक्तदाबाच्या औषधाची मात्रा आपल्या मनाने निम्मी करणे धोक्याचे आहे. काही गोळ्या तर पोटात सावकाश विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात आणि त्या कापल्या की औषध एकदम अंगात जाते. त्यांची गोळी कोणत्या प्रकारची आहे हे डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट पाकीट पाहून सांगू शकेल, आणि फार्मासिस्टला असे विचारायला एक पैसाही पडत नाही. म्हणून आजच्या आज पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या फार्मसीत जा, आणि त्याच दिवशी सासूबाईंसाठी जीपींची अपॉइंटमेंट घ्या, मग तिचे ९२ डॉलर पडले तरी चालतील. ते पैसे कसे वाचवायचे ते पुढे लिहिते, पण ही एक भेट त्या हिशेबासाठी अडवून ठेवू नका.

आता तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येते, कारण तो निव्वळ तुमचा नाही. जी सेवा मोफत म्हणून आपल्याला सांगितली होती, तिला एवढे पैसे का पडू लागले? मेडिकेअर १ फेब्रुवारी १९८४ रोजी सुरू झाले तेव्हापासून त्याचा करार डॉक्टरांशी असा कधी नव्हताच की ते सरकारने ठरवलेल्या दरात काम करतील. सरकार प्रत्येक भेटीमागे रुग्णाला एक ठरावीक रक्कम देते, तिला आपण रिबेट म्हणतो. डॉक्टरने तेवढीच रक्कम पूर्ण मोबदला म्हणून स्वीकारली तर ते बल्क बिलिंग, आणि त्याहून जास्त मागितली तर मधला फरक, म्हणजे गॅप, आपण भरायचा. डॉक्टरची फी किती असावी हे सरकार ठरवू शकत नाही. त्याचे मूळ थेट १९४६ च्या घटनादुरुस्तीत आहे, ज्यात वैद्यकीय सेवेबाबत डॉक्टरांवर सक्ती करता येणार नाही असे लिहून ठेवले आहे. त्यामुळे तुमचे जीपी ९२ घेतात आणि शेजारच्या उपनगरातले कोणी काहीच घेत नाहीत, हे दोन्ही कायदेशीरच आहे.

मग पूर्वी बहुतेक जण बल्क बिल का करत होते आणि आता का करत नाहीत, याचे उत्तर रिबेटच्या आकड्यात आहे. २०१३ पासून सरकारने रिबेटमधली वार्षिक वाढ थांबवली, आणि साध्या भेटीचा रिबेट २०१४ पासून २०१८ पर्यंत ३७ डॉलर ५ सेंटवरच अडकून राहिला. त्या काळात दवाखान्याचे भाडे, नर्सचा पगार, विजेचे बिल, हातमोजे, यातले काहीही थांबले नव्हते. मी त्या वर्षांत रिसेप्शनवर होते. दर जुलैमध्ये नव्या दरांचा कागद यायचा, आमच्या मॅनेजर बाई तो घेऊन मागच्या खोलीत जायच्या आणि बाहेर आल्या की काही न बोलता जुनाच कागद काचेवर परत चिकटवायच्या. पुढे वाढ पुन्हा सुरू झाली, पण गेलेली वर्षे भरून निघाली नाहीत. महासाथीच्या काळात, २०२०-२१ मध्ये, जीपींच्या शंभरातल्या सुमारे ८९ भेटी बल्क बिल होत होत्या. पुढच्या तीन वर्षांत तो आकडा ७८ च्या आसपास आला. तुम्हाला पहिल्यांदा ७० डॉलर मागितले गेले ते याच घसरणीच्या काळात, हे ध्यानात घ्या. तुमच्या डॉक्टरांचे तुमच्याशी काही बिनसले म्हणून ते झाले नाही.

हे एवढ्यासाठी सांगितले की तुमच्या संकोचाच्या मुळाशी मला एक गैरसमज दिसतो. पैशांचा विषय काढला की डॉक्टर आपल्याला गरीब किंवा चिकट समजतील, आणि मग नीट तपासणार नाहीत, असे तुम्हाला वाटते. आपल्याकडे डॉक्टरांसमोर पाकीट काढून मुकाट्याने मोजून देणे हाच मान समजला जातो, आणि घासाघीस ही भाजीवाल्याशी करायची गोष्ट मानली जाते. मी तुम्हाला घासाघीस करायला सांगत नाही. इथे मात्र 'हा रुग्ण बल्क बिल, हा प्रायव्हेट' हा निर्णय डॉक्टर दिवसातून तीस-चाळीस वेळा घेतात, आणि कॉम्प्युटरवर एक खूण करण्यापलीकडे त्यांना त्यात काही करावे लागत नाही. ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी ती खूण झाली, ज्यांनी विचारले नाही ते न बोलता कार्ड टॅप करून गेले, हे मी अकरा वर्षे रोज पाहिले आहे. न विचारणाऱ्यांत आपल्या देशातून आलेली माणसे फार होती. सुती साडी आणि वर जाड स्वेटर घातलेल्या एक आजी मुलाने पैसे भरताना दर वेळी मान खाली घालून उभ्या राहायच्या, आणि पुढे पुढे त्या यायच्याच बंद झाल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आता सासूबाईंबद्दल तपशिलाने लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत नियम बदलले आहेत आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत. त्यांना सवलतीचे कार्ड नाही हे खरे आहे, आणि ते इतक्यात मिळणारही नाही. ६७ वर्षांवरील लोकांना मिळणाऱ्या सीनियर्स हेल्थ कार्डसाठी नव्याने आलेल्यांना चार वर्षे थांबावे लागते आणि उत्पन्नाची अटही असते. वृद्धांच्या पेन्शनसाठी तर साधारण दहा वर्षांचे वास्तव्य लागते. ऑक्टोबर २०२५ पर्यंत या गोष्टीचा थेट फटका बसत होता. रुग्णाला बल्क बिल केल्याबद्दल सरकार डॉक्टरला रिबेटच्या वर एक प्रोत्साहन रक्कम देते, पण ती फक्त सोळा वर्षांखालील मुले आणि सवलतीचे कार्ड असलेली माणसे यांच्यासाठीच होती. तुमच्या मुलांचे पैसे पडत नाहीत आणि आजींचे पडतात, त्याचे कारण हेच.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ही प्रोत्साहन रक्कम मेडिकेअर कार्ड असलेल्या प्रत्येकासाठी मिळू लागली आहे. म्हणजे आज तुमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना बल्क बिल केले तर त्यांना ४४ च्या आसपास रिबेट आणि वर शहरी भागातले वीस-बावीस डॉलर मिळतील, सवलतीचे कार्ड असो वा नसो. पूर्ण दवाखान्याने सगळ्याच रुग्णांना बल्क बिल करायचे ठरवले तर त्यावर आणखी साडेबारा टक्के मिळतात आणि एका साध्या भेटीची रक्कम सत्तरीच्या घरात जाते. तुमच्या दवाखान्याची फी ९२ आहे, तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी हे का स्वीकारले नाही ते या आकड्यांवरून दिसतेच, आणि त्यात मी त्यांना दोष देणार नाही. पण पूर्ण योजनेत नसलेले डॉक्टरही एखाद्या रुग्णाला बल्क बिल करू शकतात आणि त्या रुग्णापुरती प्रोत्साहन रक्कम घेऊ शकतात. काउंटरवर "कार्ड नाही, मग पैसे पडतील" हे वाक्य अनेक ठिकाणी अजून जुन्या सवयीने म्हटले जाते. म्हणून रिसेप्शनवर न बोलता आत डॉक्टरांशीच बोला, आणि भेटीच्या शेवटी घाईघाईने न बोलता सुरुवातीलाच बोला: "आईंचे स्वतःचे काहीही उत्पन्न नाही. पैशांच्या काळजीने त्या यायचे टाळत होत्या आणि गोळी अर्धी करून घेत होत्या. नोव्हेंबर २०२५ पासून प्रोत्साहन रक्कम सगळ्यांना लागू झाली आहे, तर त्यांना इथून पुढे बल्क बिल करता येईल का?" एवढेच बोला, आणि गोळीचे सांगायला लाजू नका, कारण डॉक्टरांसाठी ती उपचाराचीच माहिती आहे. मी पाहिलेल्या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी असे ऐकल्यावर नाही म्हटले नसते. आणि एकदा बल्क बिल केले की त्याच सेवेसाठी वेगळी नोंदणी फी किंवा सेवाशुल्क असे काही घेता येत नाही, हेही माहीत असू द्या.

त्याच भेटीत औषधाची चिठ्ठी घ्या. नाशिकहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती गोळ्या मागवणे थांबवायला हवे. प्रवाशाला फक्त स्वतःसाठी किंवा बरोबर प्रवास करणाऱ्या जवळच्या कुटुंबीयासाठी तीन महिन्यांपुरते औषध चिठ्ठीसह आणता येते. दुसऱ्याच्या सासूबाईंच्या गोळ्या आणणारा बिचारा विमानतळावर अडकू शकतो. इकडे मेडिकेअर कार्डावर सरकारी यादीतल्या औषधाला १ जानेवारी २०२६ पासून जास्तीत जास्त २५ डॉलर पडतात, आणि रक्तदाबाच्या अनेक जुन्या, नेहमीच्या गोळ्या त्याहून स्वस्त मिळतात. डॉक्टरांना ६० दिवसांच्या चिठ्ठीबद्दल विचारा. प्रकृती स्थिर असेल तर एका किमतीत दोन महिन्यांचे औषध मिळते, आणि रिपीट, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घेण्याची मुभा, धरून एक चिठ्ठी वर्षभर चालू शकते. याचा औषधाच्या खर्चाइतकाच फायदा जीपींच्या फेऱ्या कमी होण्यात आहे. निव्वळ चिठ्ठी नवी करायला दर दोन-तीन महिन्यांनी गॅप भरणारी कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुचवते, ती पैशांची नाही. तुम्ही त्यांच्या बाजूने इंग्रजीत बोलता, हे मी गृहीत धरते. पण सून शेजारी बसलेली असताना "पैसे फार होतात म्हणून मी गोळी कमी घेते" असे कोणती सासू म्हणेल? जीपींना फोनवरचा सरकारी दुभाषी मोफत मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी हवा असे सांगून ठेवा, आणि त्या भेटीतली पाच-दहा मिनिटे तरी तुम्ही बाहेर बसा.

यजमानांचा मार्ग वेगळा आहे, आणि तो थोडक्यात सांगता येईल. मधुमेह हा दीर्घकालीन आजार असल्याने त्यांचा जीपींकडे दीर्घकालीन आजाराचा उपचार आराखडा करून घेता येतो. त्यावर वर्षाला पाचपर्यंत भेटी आहारतज्ज्ञ, पायांचे तज्ज्ञ किंवा मधुमेह शिक्षक यांच्याकडे मेडिकेअरच्या रिबेटसह मिळतात. असा आराखडा आणि त्याचा आढावा अनेक दवाखाने बल्क बिल करतात, एरवी गॅप घेणारेसुद्धा. फक्त तो मागावा लागतो. आणि त्यांनी पायाची आग, दिसणे आणि साखर हे तिन्ही विषय दहा मिनिटांच्या एका भेटीत उरकण्याचा प्रयत्न करू नये. बुकिंग करतानाच लांब भेट मागावी. वीस मिनिटांवरच्या भेटीचा रिबेट ८० डॉलरांपेक्षा थोडा जास्त आहे, म्हणजे दोन छोट्या भेटींत मिळून जितका रिबेट मिळतो जवळपास तितकाच, पण गॅप एकदाच पडतो. अर्थात लांब भेटीची फीही जास्त असते, म्हणून ती किती हे आधी विचारून घ्या.

खासगी विम्याचे मात्र मनातून काढून टाका, निदान या कारणासाठी. इथल्या कायद्यानुसार खासगी विमा कंपनीला जीपींच्या भेटीचा गॅप भरताच येत नाही. विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आणि दात, चष्मा अशा गोष्टींसाठी असतो. तुमचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेले आणि रुग्णालयाचा विमा नसेल तर मेडिकेअरचा जादा कर लागतो, हा वेगळा मुद्दा आहे आणि त्याचा हिशेब कर सल्लागाराबरोबर बसून करा. महिन्याला दोन-अडीचशे डॉलर हप्ता भरायचा आणि जीपींच्या काउंटरवर पुन्हा गॅप द्यायचाच, असे झाले तर यजमान स्वतःच वैतागतील.

त्याऐवजी त्यांना एका संध्याकाळी मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर बसवा आणि दोन गोष्टी करून घ्या. एक म्हणजे सगळ्यांच्या मेडिकेअर खात्यात बँकेचा खाते क्रमांक आहे की नाही ते तपासायचे. तो नसल्यामुळे न आलेले रिबेट मी पाहिले आहेत, आणि सासूबाई नवीन आल्या आहेत, तेव्हा त्यांचे आधी पाहा. दुसरे म्हणजे सेफ्टी नेटसाठी कुटुंब म्हणून नोंदणी करायची. वर्षभरात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, गॅपची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की पुढच्या गॅपचे ८० टक्के मेडिकेअर परत देते. ही मर्यादा सर्वसाधारण कुटुंबाला २०२५ मध्ये २,६०० डॉलरांच्या थोडी वर होती, आणि सवलतीचे कार्ड किंवा ठरावीक कुटुंबभत्ता मिळणाऱ्यांना त्याच्या जवळपास एक तृतीयांश. एकाच मेडिकेअर कार्डावर नावे असली तरी कुटुंबाची नोंदणी आपोआप होत नाही, आणि पती-पत्नी व अवलंबून असलेली मुले एवढ्यांचीच बेरीज एकत्र होते, सासूबाईंची वेगळी राहते. निव्वळ जीपींच्या गॅपने तुम्ही त्या मर्यादेपर्यंत कदाचित पोहोचणार नाही. पण मधुमेहात पुढे कधी डोळ्यांचे किंवा किडनीचे स्पेशालिस्ट लागले तर ती मर्यादा पाहता पाहता जवळ येते, आणि तेव्हा नोंदणी आधीच झालेली असावी.

राहिला डॉक्टर बदलण्याचा प्रश्न. मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, पण मी त्याला पहिला क्रमांक देणार नाही. जो डॉक्टर यजमानांची साखर पाच-सहा वर्षे पाहत आला आहे, त्याच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही फायलीत उतरत नाही. आधी बोला. सासूबाईंना बल्क बिल आणि यजमानांचा आराखडा बल्क बिल, एवढे जरी त्यांनी मान्य केले तरी तुमचा वर्षाचा खर्च निम्म्यावर यायला हवा. त्यांनी नाहीच म्हटले, तर मात्र अपराधी न वाटून घेता बदला. नव्या योजनेत सामील झालेले, सगळ्यांना बल्क बिल करणारे दवाखाने बाहेर तसा फलक लावतात, आणि हेल्थडायरेक्टच्या संकेतस्थळावर आपल्या पिनकोडने शोधताही येतात. बदलायचे तर पूर्ण बदला, जुन्या दवाखान्याकडून वैद्यकीय सारांश नव्याकडे पाठवून घ्या (त्याची फी लागू शकते, आधी विचारा). खोकल्याला एकीकडे, साखरेला दुसरीकडे आणि चिठ्ठीला तिसरीकडे असे करू नका. तीन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता दिलेली औषधे एकाच आजीच्या डब्यात जमा झालेली मी पाहिली आहेत. रात्री मुलाला ताप भरला किंवा सुरीने बोट कापले, तर सरकारी अर्जंट केअर क्लिनिक आहेत, तिथे अपॉइंटमेंट लागत नाही आणि मेडिकेअर कार्डावर पैसे पडत नाहीत. नेहमीच्या आजारांसाठी मात्र ती नाहीत.

आता या आठवड्याचे. अपॉइंटमेंटला जाताना सासूबाईंचा गोळ्यांचा डबा आहे तसा बरोबर न्या, कापलेल्या अर्ध्या गोळ्या आणि नाशिकच्या पाकिटांसकट. तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. किती दिवस अर्धी गोळी घेतली हे त्यांना त्यावरून मोजता येईल, आणि पैशांचा विषय कसा काढायचा याची तुम्हाला जी चिंता वाटते आहे, तो विषय त्या डब्यावरून आपोआप निघेल. काय झाले ते मला जरूर कळवा.